पहारा कोणाचा?

मनुष्याला स्वतःचा विसर पडावा असे फार वाटते. रोजचे देणेघेणे, मानापमान आणि उद्याची काळजी यांनी तो इतका गांजलेला असतो की चार घटका तरी ‘मी’ नावाचे ओझे कोणी उतरून घ्यावे, अशी त्याच्या जिवाची आतून ओढ असते. कोणी त्यासाठी गडावर जातो, कोणी जत्रेत शिरतो, कोणी टाळ गळ्यात अडकवतो, आणि कोणी आडमार्गालाही लागतो. ओढ एकच, वाटा अनेक. म्हणून एखादी नवी वाट दिसली की लगेच तिला नावे ठेवू नयेत, आणि लगेच तिची आरतीही ओवाळू नये. ती कोठून निघते, कोठे पोचवते आणि वाटेत कोण कोणाला सांभाळतो, एवढे नीट पाहावे.

ही प्रस्तावना करण्याचे कारण असे. आपल्या माळकरी घरांतील मुले-नातवंडे आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी इंग्लंड, जर्मनी, बेल्जम अशा देशांत राहतात. तिकडे जून ते ऑगस्ट हा उन्हाळा. त्या दिवसांत तरुण मंडळी मित्रमित्र मिळून तंबू घेऊन निघतात, एखाद्या शेतात किंवा माळावर तीन-चार दिवस मुक्काम ठोकतात आणि विजेच्या यंत्रांवर निघणाऱ्या संगीतावर रात्ररात्र नाचतात. नातू फोनवर सांगतो, “आजोबा, आम्ही पाच जण चाललोय, तंबू घेतलाय.” आजोबांना पाच जण कळतात, तंबू कळतो, पुढचे काही कळत नाही. मग ते आम्हांस विचारतात, “हे बरे की वाईट? पोराला जा म्हणावे की नको म्हणावे?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचा विचार यथामती करू.

आधी वस्तू काय आहे ती पाहू. हे संगीत गळ्यातून किंवा तारेवरून निघत नाही, बहुतेक सारे यंत्रांतून निघते. १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील शिकागो आणि डेट्रॉइट या शहरांत, मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांच्या हातून, ते आकाराला आले. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके, एकसारखे. डीजे म्हणून जो समोर उभा असतो तो एक गीत दुसऱ्यात असे मिसळतो की ठेका तुटतच नाही. १९८८ च्या सुमारास इंग्लंडात त्याची लाट आली आणि पोरे रिकाम्या गोदामांत, शेतांत जमू लागली. १९८९ साली बर्लिनच्या रस्त्यावर ‘लव्ह परेड’ नावाची मिरवणूक निघाली तेव्हा सुमारे दीडशे माणसे होती. दहा वर्षांत तो आकडा लाखांवर गेला. बेल्जममध्ये बूम नावाच्या गावी, विटांसाठी माती काढून सोडलेल्या जुन्या खाणींच्या जागेवर, २००५ पासून ‘टुमॉरोलँड’ भरतो. अलीकडे जुलैच्या दोन आठवड्यांत मिळून सुमारे चार लाख माणसे तेथे येतात, आणि त्यांच्यासाठी शेजारीच तंबूंचे एक गावच्या गाव उभे राहते.

आणि ही गोष्ट अगदीच परकी आहे असेही नाही बरं का. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांचे जे रात्रीचे नाच चालत, त्यांतून १९९० च्या आसपास ‘गोवा ट्रान्स’ नावाचा प्रकार निघाला आणि तो जगभर पसरला. म्हणजे आपल्या शेजारच्या वाळूतून निघालेला ठेका आज युरोपच्या माळावर वाजतो.

आता पहिली शंका. कोणी म्हणेल, “अहो, हे कसले संगीत? तेच तेच ठोके! त्यात ना राग, ना शब्द.” गंमत अशी की इंग्लंडच्या कायद्यानेही एकदा हेच म्हटले. १९९२ च्या मे महिन्यात वूस्टरशर परगण्यातील कासलमॉर्टनच्या गायरानावर वीस हजारांहून अधिक तरुण जमले आणि आठवडाभर नाचले. गावकऱ्यांना झोप नाही, जनावरे बुजलेली, सगळीकडे घाण. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९९४ साली कायदा झाला. रात्री उघड्यावर भरणारे असे मेळे पोलिसांना उठवता यावेत म्हणून त्यात या संगीताची व्याख्या करावी लागली, आणि त्या व्याख्येत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोक्यांचा मुद्दाम उल्लेख केला. आता सांगा, टाळकऱ्याने या व्याख्येला मान डोलवावी काय? एकच चरण, एकच ठेका, तासन्‌तास धरणारे आपण. एका गोष्टीची आवृत्ती केली की मन धावायचे थांबते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावकऱ्यांचा संताप खरा होता. पण तो झोपेसाठी आणि घाणीसाठी होता. ठोके तेच तेच आहेत, एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही.

दुसरी शंका याहून वजनाची आहे. “त्यात देवाचे नाव नाही. मग तो आनंद कसला? ती नुसती धुंदी.” यावर आमचे म्हणणे असे. ती भक्ती आहे असे आम्ही म्हणत नाही, आणि तेथे जाणारी पोरेही म्हणत नाहीत. ज्याने जे मागितले नाही त्यात तो नापास झाला, असे कसे म्हणावे? येथे प्रश्न नीतीचा आहे, आणि नीतीच्या बाजूने पाहिले तर तेथेही चांगले दिसते. चिखलात तंबूची मेख बसत नसली तर शेजारचा अनोळखी माणूस हातोडी घेऊन येतो. पाण्याची बाटली हातोहात फिरते. भाषा वेगळी, देश वेगळा, तरी तीन दिवस ‘तू कोण, काय कमावतोस’ हे कोणी विचारत नाही. हा भाव तीनच दिवस टिकतो म्हणून तो खोटा, असे म्हणणाराने स्वतःच्या मनाला विचारावे: एकादशीचा समभाव आपल्या गावच्या पारावर किती दिवस टिकतो?

मग यात दोष काहीच नाही काय? आहे, पण तो या दोन शंकांत नाही. तो कोठे आहे ते सांगण्यासाठी घरचाच दृष्टांत घेऊ.

गावात नामसप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. काकडा होतो, पारायण होते, रात्री कीर्तन रंगते, माणसे नाचतात, देहभान विसरतात, मग घोंगड्या ओढून झोपतात. वीणा मात्र उभी असते. कोणाच्या तरी गळ्यात ती असते. त्याची पाळी संपली की दुसरा पुढे होतो, पाया पडतो, वीणा घेतो. याला आपण पहारा म्हणतो. रात्री दोनचा पहारा कोणाला आवडतो असे नाही. पाय भरून येतात, डोळे मिटतात. पण सारा गाव निर्धास्त झोपतो तो एक जण उभा आहे म्हणून.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती सगळ्या उत्सवांना लागू आहे. कोणाचाही विसर आपल्याच पायावर उभा नसतो. जो विसरतो, त्याच्या वाटचे कोणीतरी जागत असते. स्वयंपाकी जागतो, पाण्याच्या टँकरवाला जागतो, चोपदार जागतो, दवाखान्याच्या गाडीतली परिचारिका जागते. पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की सारे टाळ शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि त्या तक्रारीकडे लक्ष दिले जाते. हरवलेल्या माणसांची, सापडलेल्या वस्तूंची दाद तेथे लागते. एवढी जाग मागे असते म्हणून पुढे विसर शोभतो.

ही जाग सुटली की काय होते? २४ जुलै २०१० रोजी जर्मनीतील डुइसबुर्ग शहरी तोच लव्ह परेड भरला. आवारात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची मुख्य वाट एकच: बोगदा आणि त्यापुढचा चढ. येणारे आणि जाणारे तेथे समोरासमोर आले. मागच्यांना पुढचे काही दिसत नव्हते. चेंगरून २१ माणसे मेली, शेकडो जखमी झाली. नाचण्याचा यात काही अपराध नव्हता. लाखांना बोलावताना वाट किती रुंद, गर्दी किती, थांबा कोण म्हणणार, हे पाहणारी जाग अपुरी पडली. खटला चालला, २०२० साली तो निकालावाचूनच बंद झाला. त्या नावाची मिरवणूक पुन्हा निघाली नाही. उलट २०२५ च्या १६ जुलैला, दारे उघडायला दोन दिवस असताना, टुमॉरोलँडचा मुख्य मंच जळून गेला. तेथे काम करणारी सुमारे हजार माणसे वेळेवर बाहेर काढली गेली. तो मंच शेकडो हातांनी बांधलेला होता. पण लाकूडसामान गेले, माणसे राहिली.

म्हणून आजोबांना आमचे सांगणे की पोराला ‘जा’ किंवा ‘नको’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: “तुम्ही पाच जण चाललात, तुमच्यात पहारा कोणाचा?”

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते आता थोडे स्पष्ट बोलावे लागेल. अशा मेळ्यांत दारू असते, आणि चोरून विकली जाणारी अमली द्रव्येही असतात. सगळेच घेतात असे मुळीच नाही. पण डोळे झाकून उपयोग नाही. त्यांत एमडीएमए म्हणून एक द्रव्य आहे, गोळीच्या किंवा खड्यांच्या रूपात मिळते. त्याने थकवा कळत नाही, अंगातली उष्णता वाढते, आणि उन्हात, गर्दीत, नाचता नाचता ती जिवावर बेतू शकते. भीतीने कोणी भसाभसा पाणी पीत सुटला तर रक्तातले मीठ पातळ होऊन तोही धोका होतो. शिवाय विकणारा जे सांगतो तेच पुडीत असते याची खात्री नाही. इंग्लंडात २०१६ साली एका उत्सवात प्रथमच लोकांनी आणून दिलेल्या नमुन्यांची तेथल्या तेथे तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचांत एक नमुना सांगितल्यापेक्षा निराळाच निघाला. ‘घेऊ नये’ हे आमचे मत आहे, आणि ते आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. पण आमचे मत ऐकूनही एखाद्याने घेतले, तर त्यानंतर काय? नीतीची खरी परीक्षा तेथून पुढे आहे.

समजा, पहाटेचे दोन वाजले आहेत. पाचांतला एक बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, मग निपचित पडला. ज्या डीजेसाठी वर्षभर पैसे साठवले तो आत्ताच मंचावर आला आहे. बाकीचे चौघे एकमेकांकडे पाहतात. एक म्हणतो, “काही नाही रे, झोपला की उतरेल.” दुसरा म्हणतो, “दवाखान्याच्या तंबूत नेला तर पोलीस येतील, व्हिसा जाईल, घरी कळेल.” वाचकहो, या दोन वाक्यांनी तरुण जीव जातात. पहिले वाक्य आळसाचे आहे. त्याचा निषेध सोपा आहे. दुसरे मात्र मित्रप्रेमाचा वेष घेऊन येते. ‘त्याची अब्रू राखतो’ असे म्हणत ते त्याचा जीव पणाला लावते.

येथे मैत्रीचा अर्थ ठरतो. अब्रू आणि जीव यांत निवड करण्याचा हक्क बेशुद्ध माणसाच्या वतीने आपण घेतला, तर ती निवड जिवाच्या बाजूनेच केली पाहिजे. गेलेली अब्रू परत मिळवायला माणूस तरी उरला पाहिजे ना? म्हणून अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, म्हणजे ओकारी घशात अडकत नाही. तडक मदतीच्या तंबूकडे धाव घ्यावी, आणि डॉक्टरला खरे सांगावे: काय घेतले, किती, केव्हा. डॉक्टरजवळ खोटे बोलून मित्र वाचत नाही.

आणि हे करणारा त्या पाचांत एक तरी शुद्धीवर हवा की नको? तोच पहारा. आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा. ज्याची पाळी त्याने त्या रात्री काही प्यायचे नाही, फोनची बॅटरी जपायची, मदतीचा तंबू कोठे आहे ते दिवसाउजेडी पाहून ठेवायचे, भेटण्याची खूण ठरवायची. थंडी पडली म्हणून कोणी कोळशाची शेगडी तंबूत घेऊ लागला तर त्याने ती बाहेर काढायची. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला झोपेतच जातो. कानांचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी आवाजाची सरासरी मर्यादा शंभर डेसिबल सांगितली आहे. कर्ण्यांच्या पुढ्यात उभे राहणाराने कानात बोळे घालावेत. नवविधा भक्तीत श्रवण पहिले. तो कान असा फुकट घालवू नये.

आता एक पोर विचारील, आणि रास्त विचारील: “ज्याची पाळी, त्याचा आनंद गेला. तिकीट त्यानेही काढले होते. हा अन्याय नाही का?” होय, त्याचे काही जाते. ते गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही. रात्री दोनचा विणेकरी कीर्तनाच्या रंगात नसतो, आणि तो रंग त्याला पुन्हा मिळेलच असेही नाही. कोणी म्हणतात, सेवेचा आनंद याहून मोठा. असेल, पण ते ज्याने सेवा केली त्याने म्हणावे, जो झोपला होता त्याने म्हणू नये. झोपलेल्याने एवढेच म्हणावे की हे माझ्यावर ऋण झाले, उद्याची पाळी माझी. ऋण नाकारून केलेली मौज ही चोरी. ऋण मान्य करून केलेली मौज शुद्ध. आमचा सगळा विचार या एका ठिकाणी येऊन थांबतो.

ही गोष्ट तेथेही काही लोकांना उमगलेली आहे. इंग्लंडात ऑक्सफॅम ही दानधर्माची संस्था १९९३ पासून उत्सवांना स्वयंसेवक पुरवते. प्रवेश मिळतो, त्याच्या बदली सुमारे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या कराव्या लागतात: दारावर, वाटेवर, तंबूंमध्ये. त्यांतली एखादी पाळी रात्रीची येते. नाचायलाही मिळते आणि जागायलाही लागते. आमच्या मते तरुणाने अशा मेळ्याला जायचे तर एकदा तरी असे जावे.

शेवटी जमिनीचे. मित्र जसा सोबती, तशी ती जागाही सोबतीच. तीन दिवस तिने अंगावर घेतले, पावसात चिखल झाली, उन्हात धूळ झाली. तिचा पहारा कोणाचा? ब्रिटनमधील स्वतंत्र उत्सवचालकांच्या संघटनेने २०१९ साली अंदाज सांगितला की तेथे दर वर्षी सुमारे अडीच लाख तंबू उत्सवाच्या जागी टाकून दिले जातात. तंबू स्वस्त, पोरे थकलेली, सोमवारी कामावर जायचे. वर समजूत अशी की ‘कोणी गरीब नेईल, दान होईल.’ होत नाही. बहुतेक कचऱ्यात जातात. तंबू नायलॉनचा, तो कुजत नाही. ज्याखाली चार रात्री मित्र मित्राजवळ निजला, ते छप्पर पाचव्या दिवशी टाकून जाणे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. मात्र ठरवताना पालखी हलल्यावर आपला तळ कसा दिसतो तेही डोळ्यांपुढे आणावे. पत्रावळी कोण उचलतो? प्लास्टिकचे पेले कोण उचलतो? त्या गावचा झाडूवाला काही आपल्या दिंडीत नव्हता. पण पहारा त्याच्यावर पडला. दुसऱ्याच्या पोराला शिकवण्याआधी हा हिशेब आपण चुकता करावा.

आता वडीलधाऱ्यांच्या पाळीची एक गोष्ट, आणि आटोपते घेऊ. पहाटे फोन वाजला आणि पलीकडून नातू रडक्या आवाजात म्हणाला, “आजोबा, माझा मित्र पडलाय, काय करू?” तर तोंडातून पहिला शब्द रागाचा येऊ देऊ नका. “तरी सांगत होतो” हे वाक्य त्या वेळी कामाचे नाही. ते महिन्याने बोला, हवे तर. तेव्हा एवढेच म्हणा: “बाळा, त्याला सोडू नकोस, डॉक्टरांना बोलाव, खरे सांग. मी जागा आहे.” ज्या घरात असा फोन करता येतो, त्या घरच्या पोरापाशी परदेशच्या माळावरही पहारा असतो. ज्या घरची भीती मित्राच्या जिवापेक्षा मोठी वाटते, त्या घरात कितीही नेम-धर्म असला तरी त्या रात्री तो कामी येत नाही.

असो. नातवाला जाऊ द्यावे की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचे घरी ठरेल. आम्ही फक्त विचारायचा प्रश्न दिला. तो पोराला विचारावा, आणि आपल्या दिंडीलाही विचारावा. येत्या सप्ताहात रात्री दोनचा पहारा कोणी घेईना, असे झाले तर आपण पुढे व्हावे.

रामकृष्ण हरि.